चार नोंदी आणि एक कोयता : बालपणीचा छळ, दुर्लक्ष आणि पुढचा गुन्हा यांविषयीचा एक प्रकरण अभ्यास

या लेखाविषयी

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलाची, ओळख उघड करता येत नाही. म्हणून या लेखात मुलाचे नाव, शहर, शाळा, पोलीस ठाणे आणि संस्था यांपैकी कशाचाही उल्लेख नाही आणि ओळख पटू शकेल असे काही तपशील बदललेले आहेत. परिवीक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासात, म्हणजे मुलाच्या घरची व आजूबाजूची परिस्थिती तपासण्यात, मदत करणारी कार्यकर्ती म्हणून मी या प्रकरणात होते. त्यातील काही चुका माझ्या आहेत आणि त्या जिथे घडल्या तिथेच सांगितल्या आहेत.

पार्श्वभूमी

मुलाचा जन्म २००५ सालचा, बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातील एका गावातला. आईवडील ऊसतोड कामगार. या धंद्यात नवराबायको मिळून 'एक कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) मिळते तीही कोयत्यावर, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होतात ती पाडव्याच्या आगेमागे पुन्हा भरतात. थोरली बहीण धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकरी थापायला ऊसतोडीच्या फडावर जात असे. हा मुलगा शाळेत हुशार होता, म्हणून सहाव्या वर्षापासून त्याला आजीजवळ गावी ठेवले जाई. ज्याने शिकावे असे घरच्यांना वाटत होते, तोच मागे राहिला.

पुढे आजीची नजर कमी झाली. २०१४ साली, मुलगा नऊ वर्षांचा असताना, वडिलांचे थोरले भाऊ आजीला आणि त्याला शहरात आपल्या घरी घेऊन गेले. घरात सगळे त्यांना 'तात्या' म्हणत. त्यांची वडापावची गाडी होती. शहरातली शाळा, पोटभर जेवण आणि आजीची सोबत, हे सगळे एकदम मिळत असल्याने आईवडिलांनी आनंदाने होकार दिला आणि दरवर्षी हंगाम संपला की तात्यांच्या हातात पैसेही दिले.

त्या घरात पुढची सहा वर्षे काय चालले होते, हे आम्हाला २०२३ च्या जानेवारीत कळले. पहाटे साडेचारला उठून बटाटे उकडणे आणि सोलणे, गाडी लावणे, मग जमले तर शाळा. पीठ पातळ झाले, मिरच्या करपल्या, गल्ल्यात दहा रुपये कमी भरले, की पट्ट्याने मार. रात्री दाराबाहेर काढणे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जेवण बंद. एकदा तापलेल्या उलथण्याचा चटका. आजीला हे दिसत नव्हते असे नाही. ती मुलाच्या घरी राहणारी, डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी होती आणि "तात्याचा हात जरा कडक आहे" यापलीकडे ती कधी बोलली नाही.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवली पाहिजे, कारण आमच्या कागदपत्रांत ती वारंवार गल्लत होऊन आली. आईवडिलांनी मुलाला मागे ठेवले याला अनेक अहवाल सरसकट 'पालकांचे दुर्लक्ष' म्हणतात. सहा महिने कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) राहून पहाटे मोळ्या बांधणाऱ्या माणसांवर हा शब्द डकवणे मला पटत नाही. त्यांच्या अनुपस्थितीमुळे मूल असुरक्षित झाले हे खरे, पण ती अनुपस्थिती उचलीने विकत घेतलेली होती. छळ करणारा माणूस दुसरा होता. हा फरक पुढे निर्णय घेताना कामी आला, कारण छळ करणाऱ्यापासून मुलाला दूर ठेवायचे असते आणि परिस्थितीने लांब गेलेल्यांना त्याच्याजवळ आणायचे असते.

चार नोंदी

गुन्हा घडण्यापूर्वी हा मुलगा चार वेळा कुठल्या ना कुठल्या कागदावर आला होता.

पहिली नोंद शाळेच्या हजेरीपटावरची, २०१६ ची, पाचवीतली: सतत गैरहजर, पालक स्थलांतरित. पालक स्थलांतरित होते, पण मुलगा शाळेपासून तीनशे मीटरवर गाडीमागे उभा होता.

दुसरी त्याच वर्षीच्या पावसाळ्यातली, सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवरची. डाव्या हाताला भाजले, कारण: गरम तेल सांडले. मलम, पट्टी, तीन दिवसांनी दाखवणे. तो तीन दिवसांनी गेला नाही.

तिसरी २०१८ ची. तेराव्या वर्षी तो घरातून पळाला आणि रेल्वे स्थानकावर सापडला. त्याला बालकल्याण समितीसमोर, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीसमोर, उभे करण्यात आले, तीन दिवस बालगृहात ठेवले आणि 'रागावल्यामुळे घर सोडले' अशी नोंद करून पालकांच्या ताब्यात दिले. पालक म्हणजे तात्या.

चौथी २०२१ ची, पोलीस ठाण्याच्या डायरीतली: मोबाइल चोरीच्या संशयावरून आणले, समज देऊन सोडले. तेव्हा तो तात्यांच्या घरी राहतही नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत गाडी बंद पडली, घरातली कमाई थांबली, मार वाढला आणि ऑगस्टमध्ये तो कायमचा बाहेर पडला. मंडईमागच्या गाळ्यांत झोपणाऱ्या पोरांत तो मिसळला. त्यांच्यात वीस-बावीस वर्षांचा एक 'दादा' होता. तो जेवण घाली, झोपायला जागा देई आणि बदल्यात कामे सांगे.

चारही नोंदी आपापल्या जागी बिनचूक होत्या. शाळेने गैरहजेरी पाहिली, रुग्णालयाने जखम पाहिली, समितीने पळून जाणे पाहिले, पोलिसांनी चोरी पाहिली.

घटना

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर, रात्री अकराच्या पुढे, दादा, आणखी एक मुलगा आणि हा अशा तिघांनी घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या एका तरुणाला अडवले. मोबाइल आणि रोख रक्कम मागितली. तरुणाने मोबाइल असलेला हात वर केला. आमच्या मुलाच्या हातात कोयता होता आणि त्याने वार केला. तळहाताला खोल जखम झाली, दोन बोटांच्या शिरा तुटल्या. दुसऱ्या दिवशी तिघेही सापडले.

त्या काळात पुण्यासारख्या शहरांत कोयते घेऊन फिरणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या रोज छापून येत होत्या आणि 'कोयता गँग' हा शब्द घराघरांत गेला होता. या मुलाच्या आईवडिलांच्या दृष्टीने कोयता हे पोट भरण्याचे हत्यार. अशा मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या इमारतीत वडील पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "आमच्या घरातला न्हेला व्हता का त्यानं?" तो घरातला नव्हता. त्यांना त्याने हायसे वाटलेले दिसले. का, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

प्रश्न काय होता

पोलिसांनी तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेची कलमे ३९२ (जबरी चोरी), ३९७ आणि ३४ (समान उद्देश) लावली, सोबत हत्यार कायदा. यातल्या कलम ३९७ मुळे प्रकरणाचे स्वरूपच बदलले. जबरी चोरी करताना प्राणघातक हत्यार वापरल्यास किमान सात वर्षे शिक्षा आहे आणि बाल न्याय अधिनियमाप्रमाणे ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो 'निर्घृण' गुन्हा ठरतो. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर असा आरोप असला की बाल न्याय मंडळाने कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन करायचे असते: गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची क्षमता, आणि ज्या परिस्थितीत तो गुन्हा घडल्याचा आरोप आहे ती परिस्थिती. त्यावरून चौकशी मंडळाकडेच ठेवायची, की प्रौढाप्रमाणे खटला चालवण्यासाठी मुलाला बाल न्यायालयाकडे पाठवायचे, हे ठरते. मुलगा साडेसतरा वर्षांचा होता. सहा महिने आणखी गेले असते तर हा प्रश्न उद्भवलाच नसता, तो थेट तुरुंगात गेला असता.

प्रश्न म्हणजे नुसते 'याला माफ करायचे का' एवढेच नव्हते. त्याने लुटायच्या हेतूने कोयता घेतला होता आणि एका कष्टकरी माणसाचा हात जायबंदी केला होता. बालपणी झालेल्या छळाची माहिती कोणत्या निर्णयासाठी, कशा शब्दांत आणि किती वजनाने वापरायची, हा खरा प्रश्न होता.

पहिला निर्णय : जामीन

बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त बालकाला जामीन देणे हा नियम आहे. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका निर्माण होईल किंवा न्यायाचा उद्देश विफल होईल, असे दिसले तरच जामीन नाकारायचा. पोलिसांनी संगतीचा मुद्दा मांडला. आईवडील तेव्हा सांगली भागातल्या फडावर होते. एक दिवस काम बुडले तर खाडा (गैरहजेरीचा दंड) लागतो आणि मुकादम मध्येच सोडायला तयार नसतो. वडील रात्रीच्या एसटीने एकदाच येऊ शकले, तेही नवव्या दिवशी.

तात्या मात्र पहिल्या दिवसापासून हजर होते. त्यांच्याजवळ आधार कार्ड होते, भाडेकरार होता, स्वच्छ सदरा होता आणि "पोर हाताबाहेर गेलं हो मॅडम, पण आपलं रक्त आहे" असे म्हणायची तयारी होती. मी त्यांच्या घरी गेले. आजी खाटेवर बसली होती. चहा झाला. गृहभेटीच्या नोंदीत मी लिहिले: चुलते जबाबदार, घरातील वातावरण चांगले. सहाव्या दिवशी मुलाला तात्यांच्या ताब्यात जामिनावर सोडण्यात आले.

नऊ दिवसांनी तो पळाला. अकरा दिवसांनी मंडईत सापडला आणि निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या गृहात, परत आला. पळून जाणे त्याच्याविरुद्ध नोंदले गेले. ज्या धोक्यापासून दूर ठेवण्यासाठी कलम १२ मध्ये अपवाद आहे, त्याच धोक्याच्या हाती आम्ही त्याला सोपवले होते. मुलाला एकांतात "कुणाकडे जायला तुला भीती वाटते?" एवढा एक प्रश्न मी विचारला असता तरी पुरे होते. मी विचारले होते ते "तात्यांकडे जाशील ना?", तात्यांच्या समोर.

निरीक्षणगृहातला तपास

हे सगळे उघड झाले ते स्वयंपाकघरामुळे. मुलांना पाळीपाळीने कामे असतात. या मुलाने झाडलोट केली, संडास धुतले, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायला साफ नकार दिला. काळजीवाहकाने 'आज्ञा पाळत नाही, उद्धट' असा शेरा दिला. आमच्या समुपदेशक बाईंनी हा शेरा वाचून त्याला शिक्षा सुनावण्याऐवजी विचारले की स्वयंपाकघरात नेमके काय नको वाटते. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तेलाचा वास."

पुढे चार बैठकांत हळूहळू सगळे आले. मग मी २०१६ चा केसपेपर शोधून काढला आणि मुलाच्या हातावरचा व्रण पाहिला. सांडलेले तेल ओघळते आणि त्याचा डाग वेडावाकडा पसरतो. हा व्रण सरळ कडांचा, चार बोटे रुंद, एका बाजूला किंचित गोलसर होता. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो उलथण्यासारख्या तापलेल्या सपाट वस्तूशी जुळतो असा अभिप्राय दिला.

निरीक्षणगृहातल्या तीन महिन्यांत त्याचे एकच भांडण झाले. एका कर्मचाऱ्याने दुसऱ्या मुलाला दटावण्यासाठी छडी उगारली, तेव्हा हा मध्ये घुसला आणि त्याने ती हिसकावली. समुपदेशकांना वाराच्या रात्रीचे आठवून सांगताना तो म्हणाला होता की समोरच्याने हात वर केला तेव्हा तो मारणारच आहे असे वाटले. केनेथ डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली लहान मुलांच्या अभ्यासातून असेच दाखवले होते: मार खाल्लेली मुले समोरच्याच्या संदिग्ध हालचालीत शत्रुत्व पटकन वाचतात आणि हीच सवय मारहाण आणि पुढची आक्रमकता यांना जोडणारा एक दुवा ठरते. उगारलेल्या हाताचा अर्थ या मुलाच्या अंगात आधीच ठरलेला होता.

तरी इथे थांबून सांगायला हवे की यातून वाराचा उलगडा होतो, लुटीचा होत नाही. लुटायला तो गेला दादाने सांगितले म्हणून आणि पैशांसाठी. कोयता का बाळगत होतास, या प्रश्नावर त्याचे उत्तर असे: "उशाला असला की झोप लागायची." त्या रात्री मात्र तो उशाला नव्हता, हातात होता, आणि त्याला हे माहीत होते. समुपदेशकांनी हा फरक त्याच्यासमोर स्पष्ट ठेवला. मला तो त्यांच्या कामाचा सर्वांत कठीण भाग वाटतो.

दुसरा निर्णय : अहवालात काय लिहायचे

सामाजिक तपास अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. पहिला दिला गेला होता तो दोन पानी आणि तात्यांच्या सांगण्यावर आधारलेला. जानेवारीत आम्ही पूरक अहवाल तयार केला. त्याच्या कच्च्या मसुद्यात माझे एक वाक्य होते: 'बालपणीच्या अत्याचारांमुळे मुलगा हिंसक बनला आहे.' मला वाटले होते की या वाक्याने त्याची बाजू भक्कम होईल. मंडळाच्या प्रधान दंडाधिकाऱ्यांनी मसुदा वाचून शांतपणे विचारले, "म्हणजे तो पुढेही हिंसकच राहील, असं तुम्हाला म्हणायचं आहे का?"

त्या प्रश्नाने आमचा मसुदा कोसळला. छळाचा इतिहास हा दुधारी असतो. एकजण त्यात दयेचे कारण पाहतो, दुसरा त्याच कागदात 'घर नाही, वळण नाही, सुधारण्याची आशा नाही' असे वाचतो. पोलिसांच्या लेखी म्हणण्यात नेमके तसेच आले होते.

संशोधन काय सांगते हे पुन्हा वाचले. कॅथी स्पॅट्झ विडम यांचा १९८९ सालचा अभ्यास या विषयातला पायाभूत मानला जातो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात १९६७ ते १९७१ या काळात न्यायालयात सिद्ध झालेल्या छळाच्या व दुर्लक्षाच्या प्रकरणांतली ९०८ मुले आणि त्यांच्याशी वय, लिंग, वंश व आर्थिक स्तराने मिळतीजुळती ६६७ मुले, यांच्या पुढच्या अटकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. अल्पवयात अटक झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे २६ टक्के, दुसऱ्यात सुमारे १७ टक्के. हिंसक गुन्ह्यांसाठी अटक झालेल्यांचे प्रमाण सुमारे ११ टक्के आणि ८ टक्के. फक्त दुर्लक्ष झालेल्या, मार न खाल्लेल्या मुलांतही हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण वाढलेले होते, ही त्यातली कमी सांगितली जाणारी गोष्ट. धोका वाढतो, हे निर्विवाद. पण पहिल्या गटातल्या दर चारांपैकी जवळजवळ तिघांना अल्पवयात अटक झालीच नाही, हेही त्याच तक्त्यात लिहिलेले आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांपैकी दर तीनांमध्ये दोघांनी शारीरिक मार सांगितला होता. नुसत्या माराने गुन्हेगार घडत असते तर आपल्याला निरीक्षणगृहे बांधायला जागा उरली नसती. म्हणून 'मार खाल्ला' एवढे लिहून भागत नाही. तो किती वर्षे चालला, घरात एक तरी मोठे माणूस पाठीशी होते का, शाळा कधी सुटली, घर सुटल्यावर पहिला आसरा कोणी दिला, हे लिहावे लागते. या मुलाच्या बाबतीत या साऱ्या प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेने पडली होती आणि आसरा देणारा पहिला माणूस दादा होता.

दुसऱ्या मसुद्यात आम्ही ते एक वाक्य काढले. काय घडले, केव्हा, कोणाला माहीत होते, कोणत्या कागदावर आले, आणि सुरक्षित जागी ठेवल्यावर मुलाच्या वागण्यात काय फरक पडला, एवढेच लिहिले. छडीचा प्रसंगही लपवला नाही.

प्राथमिक मूल्यांकन

जिल्हा पातळीवरून आलेला पहिला मानसशास्त्रीय अभिप्राय अर्ध्या पानाचा होता: बुद्ध्यांक सर्वसाधारण, परिणामांची जाण आहे. एवढ्यावर मुलगा बाल न्यायालयाकडे गेला असता. मुलाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या बरुण चंद्र ठाकूर विरुद्ध मास्टर भोलू या जुलै २०२२ च्या निकालाकडे लक्ष वेधले. मंडळाच्या सदस्यांपैकी कोणाकडे बालमानसशास्त्राची वा बालमनोविकाराची पदवी नसेल तर अनुभवी तज्ज्ञांची मदत घेणे मंडळाला बंधनकारक आहे, असे त्यात म्हटले आहे. मंडळाने दुसरा, सविस्तर अभिप्राय मागवला. त्यात परिणाम 'माहीत असणे' आणि भीतीच्या क्षणी ते 'तोलता येणे' यांतला फरक मांडलेला होता. तीन महिन्यांची मुदत संपता संपता, २०२३ च्या फेब्रुवारीअखेर, मंडळाने चौकशी स्वतःकडेच ठेवण्याचा आदेश दिला.

तोललेले पर्याय

चौकशीत गुन्हा सिद्ध झाला. आता कलम १८ खाली काय करायचे, यावर मंडळासमोर चार मार्ग होते.

विशेष गृहात (दोष सिद्ध झालेल्या मुलांच्या सुधारगृहात) तीन वर्षांपर्यंत ठेवणे, हा सर्वांत सोपा. पण त्याच गृहात दादाच्या ओळखीची दोन मुले होती. आईवडिलांच्या ताब्यात परिवीक्षेवर सोडणे ऐकायला योग्य वाटे, परंतु ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा फडावर जाणार आणि मुलाच्या हातात तिथे पुन्हा कोयता येणार. वडिलांनी स्वतःच हे सांगितले. थोरली बहीण लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात औद्योगिक वसाहतीजवळ राहत होती. ती त्याला ठेवून घ्यायला तयार होती, मेहुणेही. मात्र एका खोलीत चौघे, दोघे कामावर, आणि पळून जाण्याची सवय असलेला मुलगा दिवसभर एकटा. चौथा मार्ग कायद्याने 'योग्य सुविधा' म्हणून मान्यता असलेल्या एका छोट्या वसतिगृहाचा, जिथे बारा मुले आणि एक निवासी दांपत्य होते.

मला स्वतःला बहिणीचे घर पसंत होते. मुलाला विचारले तेव्हा त्याने वसतिगृह मागितले. "ताईकडे काही झालं तर तिचं घर मोडेल," हे त्याचे कारण. मंडळाने त्याचे ऐकले: दोन वर्षे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर वसतिगृहात, आठवड्याला समुपदेशन, व्यवसाय शिक्षण, सणावाराला बहिणीकडे. आदेश जूनमध्ये झाला. मेमध्ये तो अठरा वर्षांचा झाला होता, पण चौकशी सुरू असताना वय पूर्ण झाले तरी प्रकरण बालकाचेच राहते.

तात्यांविरुद्ध तक्रार

कलम ७५ खाली, ताबा असलेल्या व्यक्तीने मुलाशी क्रूरपणे वागणे हा गुन्हा आहे. मुलाला तक्रार नको होती. आजी त्याच घरात राहत होती. त्याच्या इच्छेविरुद्ध जाणे म्हणजे पुन्हा एकदा त्याचे न ऐकणे, असे माझे मत होते आणि आम्ही दोन महिने थांबलो. मग एप्रिलमध्ये बहिणीच्या बोलण्यातून कळले की धाकट्या भावाला, अकरा वर्षांच्या, जूनपासून तात्यांकडे शिकायला ठेवायचे ठरते आहे. त्याच आठवड्यात आम्ही बालकल्याण समितीला लेखी कळवले. मुलाला आधी सांगितले. तो म्हणाला, "त्याच्यासाठी करा." गुन्हा नोंदला गेला. जुन्या जखमांचे प्रकरण पुढे ढकलले जाते तसे तेही तारखांवर चालू आहे. धाकट्याला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेतून वसतिगृहात प्रवेश मिळाला. आजी नातवाशी आठ महिने बोलली नाही.

निष्पत्ती

आठवी उत्तीर्ण असल्याचा दाखला शाळेकडून मिळवायला तीन महिने लागले. वर्गात क्वचितच बसलेला मुलगा कागदोपत्री आठवीपर्यंत नियमित वर चढत गेला होता आणि त्या कागदानेच त्याला आयटीआयचे दार उघडले. वेल्डिंगला त्याने नकार दिला, कारण विचारण्याची गरज नव्हती. वायरमनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने घेतला.

२०२४ च्या जानेवारीत तो दोन दिवस बेपत्ता झाला. दादा जामिनावर सुटला होता आणि भेटायला बोलावले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे तो स्वतःहून परत आला आणि वसतिगृहातल्या काकूंना उठवून त्याने सगळे सांगितले. हमीचा भंग म्हणून त्याला विशेष गृहात पाठवता आले असते. मंडळाने परत येणे हे पळून जाण्याइतकेच नोंदवले आणि आदेश कायम ठेवला. एका विषयात तो एकदा नापास झाला. २०२५ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करून एका वीज कंत्राटदाराकडे तो कामाला लागला. कंत्राटदाराने चारित्र्य पडताळणी मागितली तेव्हा पोलिसांच्या दाखल्यावर जुन्या गुन्ह्याचा शेरा आला. कलम २४ प्रमाणे अशा मुलाला दोषसिद्धीची कोणतीही अपात्रता लागत नाही, म्हणून मंडळाच्या पत्राने तो शेरा काढून घ्यावा लागला. नोकरी त्या दरम्यान दीड महिना लटकली.

ज्याच्या हातावर वार झाला तो तरुण लातूरकडचा. दोन महिने त्याला काम करता आले नाही आणि एक बोट आजही पूर्ण मिटत नाही. साक्षीला आला तेव्हा त्याने मला विचारले, "त्याला शिकवताय ते चांगलं, पण माझं काय?" नुकसानभरपाईसाठी तेव्हा लागू असलेल्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७अ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येत होता, हे त्याला तोवर कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. अर्ज २०२३ च्या मध्यास गेला आणि रक्कम २०२४ मध्ये मिळाली, खर्चाच्या मानाने तुटपुंजी.

काय वेगळे करता आले असते

जखमी माणसाचा अर्ज पहिल्या आठवड्यात जायला हवा होता. मुलाची बाजू मांडणाऱ्यांचे ते काम नाही, असे आम्ही गृहीत धरले, आणि ज्यांचे काम होते त्यांनीही काही गृहीत धरले.

गृहभेट नातेवाइकाची तारीख ठरवून, चहाच्या वेळी करू नये. मी आता गाडी लावण्याच्या वेळी, पहाटे, न सांगता गेले असते आणि शेजारच्यांशी बोलले असते. त्या चाळीतल्या तीन घरांना सगळे माहीत होते, असे पुढे जबाबांत निघाले.

तक्रारीसाठी थांबलेले दोन महिने मला अजून खटकतात. मुलाचे ऐकणे आणि त्याच्या भीतीवर सगळी जबाबदारी सोडून देणे यांतली रेघ मला तेव्हा दिसली नाही. धाकट्या भावाचा प्रश्न मी स्वतःहून विचारायला हवा होता. घरात आणखी मुले कोण, ही अहवालातली साधी रकाना भरण्याची बाब आहे.

चार नोंदींपैकी सर्वांत जास्त हातात होती ती तिसरी. शाळा आणि रुग्णालय यांच्यासमोर मूल काही मिनिटे असते, समितीसमोर ते तीन दिवस होते. त्या वेळच्या कागदांवरून दिसते की मुलाचा जबाब एकदाच घेतला गेला, शेवटच्या दिवशी, तात्या शेजारच्या खुर्चीत असताना. परिवीक्षेच्या शेवटच्या बैठकीत मी त्याला विचारले, तेव्हा तात्या बाहेर बाकावर बसले असते तर तू बोलला असतास का. त्याने थोडा विचार केला. "नसतो बोललो, मॅडम," तो म्हणाला, "पण दुसऱ्या दिवशी परत विचारलं असतं, तर बोललो असतो."